पाण्यातला प्रतिवादी

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तिथला किनारा म्हणजे कुरतडलेल्या पानाची कडा: बेटे, खाड्या, चिंचोळ्या वाटा आणि ओहोटीला डोके वर काढणारे खडक. ऐन उन्हाळ्यात, सुट्टीच्या दिवसांत, तिथे धुके असे उतरते की होडीच्या नाळेवर उभा असलेला माणूस सुकाणूवरच्याला धूसर दिसू लागतो. अशा वेळी जुने होडीवाले इंजिन बंद करतात आणि कान देतात. कुठून तरी घंटा ऐकू येते. ती वाजवायला तिथे कोणी नसते. खूण म्हणून पाण्यात तरंगत ठेवलेल्या बोयाला लाट डोलवते आणि त्यावर टांगलेले लोखंडी लोलक घंटेवर आपटतात. एकच सूर येत असेल तर तो घंटेचा बोया. तीन-चार वेगवेगळे सूर एकात एक मिसळून येत असतील तर तो थाळ्यांचा. कुठे घंटा आणि कुठे थाळ्या हे नकाशावर छापलेले असते, त्यामुळे डोळे निकामी झाले तरी कानाने जागा ओळखता येते. समुद्र अगदीच निपचित पडला की घंटाही मुकी होते, एवढी एक तिची खोड.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या ईशान्य विभागाने मेनपासून न्यू जर्सीपर्यंतच्या पाण्यातले असे सुमारे ३५० बोये काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्यावर लोकांची मते मागवली. दलाचे म्हणणे वेडगळ नव्हते. बोयांची ही मांडणी बहुतांशी उपग्रह आणि इलेक्ट्रॉनिक नकाशे येण्याच्या आधीची आहे. आता प्रत्येक होडीवर पडदा असतो, पडद्यावर नकाशा असतो आणि नकाशावर आपली होडी सरकताना दिसते. मग टनावारी पोलादाचे हे बोये साखळ्यांनी समुद्रतळाला बांधून ठेवायचे, ठरावीक काळाने जहाज पाठवून ते उचलायचे, खरवडायचे, रंगवायचे, झिजलेली साखळी बदलायची, हा उपद्व्याप कशासाठी? मच्छीमारांनी आणि शिडाच्या होड्या हाकणाऱ्यांनी लगेच हरकत घेतली. भांडण वरवर पाहता पैशाचे आणि सुरक्षिततेचे होते.

पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे, आणि त्यावर भारतात काही शतके हमरीतुमरी झालेली आहे. एखादे ज्ञान खरे आहे हे त्या ज्ञानातच कळते, की त्यासाठी बाहेरची साक्ष काढावी लागते? शास्त्रात या वादाला प्रामाण्यवाद म्हणतात. मुंबईत १८९७ साली अथल्ये आणि बोडस यांनी काढलेली ‘तर्कसंग्रहा’ची आवृत्ती ज्यांनी कॉलेजात उघडली असेल, त्यांना हा वाद परीक्षेपुरता तरी आठवेल. परीक्षा झाली की विसरण्यासाठीच जणू तो शिकवतात, हे दुर्दैव.

मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते. डोळ्यांना घडा दिसला की ‘हा घडा आहे’ हे खरे मानूनच माणूस पुढचे पाऊल टाकतो. सकाळी दार उघडून बाहेर पडताना जिना कालच्याच जागी आहे ना, याची कोणी चौकशी करत नाही. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांच्या परंपरेचा मुद्दा असा की, खरेपणाला दाखला लागत नाही, दाखला लागतो तो खोटेपणाला. उलट सांगणारे दुसरे ज्ञान समोर आले, म्हणजेच बाधक उभा राहिला, किंवा ज्या साधनाने ज्ञान झाले त्यातच दोष सापडला, तरच आधीचे ज्ञान रद्द होते. तोवर ते चालू.

नैयायिकांना हे पटत नाही. त्यांच्या मते खरेपणाही बाहेरूनच ठरतो. लांबवर पाणी दिसले. ते पाणी की मृगजळ, हे त्या दिसण्यात कुठे लिहिलेले नसते. तिथवर चालत जावे, ओंजळ भरावी, तहान भागली तर मागचे ज्ञान खरे होते असे अनुमान करावे. यावर मीमांसकांचा टोला ठरलेला: एका ज्ञानाला दुसऱ्याने तपासायचे, तर त्या दुसऱ्याला कोण तपासणार? आणि तिसऱ्याला? ही तर अनवस्था झाली. तपासणीच्या रांगेत उभे राहून माणूस तहानेने मरेल.

दोन्ही पक्ष पाण्याचाच दाखला देत होते, पण वाळवंटातल्या. खाऱ्या पाण्यात हा वाद कसा रंगतो हे पाहायला ९ जून १९९५ ची दुपार सोयीची आहे. त्या दिवशी १२ वाजता ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज १५०९ माणसे घेऊन बर्म्युडाहून बोस्टनला निघाले. तासाभराच्या आत जीपीएसच्या अँटेनाची तार निसटली. उपग्रह दिसेनासे झाल्यावर काय करायचे हे यंत्राला शिकवलेले होते, ते त्याने इमानेइतबारे केले. शेवटची ठाऊक जागा, दिशा आणि वेग धरून ते पुढची जागा नुसत्या हिशोबाने काढू लागले. वारा आणि प्रवाह जहाजाला हळूहळू पश्चिमेकडे रेटत होते. त्याचा या हिशोबात पत्ता नव्हता. पडद्यावर ‘डीआर’ आणि ‘एसओएल’ अशी बारीक अक्षरे तेवढी उमटली. उपग्रह गेले, आता अंदाज चालू आहे, असा त्यांचा अर्थ. अक्षांश-रेखांशांचे आकडे मात्र पूर्वीच्याच ऐटीत बदलत राहिले. खोली मोजणाऱ्या यंत्राचा इशारा शून्य मीटरवर लावून ठेवलेला होता. म्हणजे जहाजाच्या तळाखाली पाणी उरलेच नाही, की मग ते ओरडणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोस्टनकडे जाणाऱ्या जलमार्गाच्या तोंडाशी असलेला ‘बीए’ नावाचा बोया दिसायला हवा होता. वेळेवर रडारवर एक ठिपका आला. मावळतीच्या उन्हाने पाणी इतके चकाकत होते की ती वस्तू डोळ्यांना दिसली नाही, पण ठिपका हव्या त्या वेळी हव्या त्या बाजूला होता. मुख्य अधिकाऱ्याने तो बीए असल्याचे मानले. प्रत्यक्षात तो भलताच बोया होता, एका बुडालेल्या जहाजाची जागा दाखवणारा. खरा बीए सुमारे १५ मैल दूर होता. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नी ओळखण्याच्या उदाहरणाला जोडून एक सावधगिरी शिकवतात: लांबून दिसणारी वाफही धुरासारखीच दिसते. रडारवरचा तो ठिपका नेमकी ती वाफ होती.

रात्री ८ वाजता पाळी बदलली. पुढचा बोया ‘बीबी’. तो दिसलाच नाही. कप्तानाने विचारले तेव्हा पाळीवरच्या अधिकाऱ्याने दिसल्याचे सांगून टाकले. पुढे चौकशीत त्याचा युक्तिवाद निघाला तो असा: जीपीएसप्रमाणे जहाज मार्गावरच होते, तेव्हा बोया रडारवर उमटला नसेल. हे वाक्य शांतपणे वाचावे. बोया दिसत नाही, हे बाधक ज्ञान त्याच्यापुढे उभे होते. त्याने पडद्यावरून बोयाची परीक्षा घेतली आणि बोयाला नापास केले.

बाधक तेवढ्यावर थांबले नाहीत. टेहळणीवाल्यांना डाव्या अंगाला पिवळा दिवा दिसला, मग उंचावर लाल दिवे दिसले. जवळपासचे मच्छीमार रेडिओवरून या ‘क्रूझ बोटी’ला हाका मारत होते. शेवटी समोर पाण्याचा रंग निळा-पांढरा झाल्याचे टेहळणीवाल्याने कळवले. भर रात्री खोल समुद्रात पाणी पांढरे दिसत नाही, ते वाळूवर फुटताना दिसते. अधिकाऱ्याने ऐकले, पण केले काहीच नाही. रात्री १० वाजून २५ मिनिटांनी नॅन्टकेट बेटाच्या पूर्वेला ‘रोज अँड क्राउन’ नावाच्या वाळूच्या उथळ पट्ट्यावर जहाज रुतले. ठरलेल्या मार्गापासून ते १७ मैल भरकटले होते. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

बोये काढू पाहणारा माणूस ही गोष्ट ऐकून म्हणेल, पाहा, बोये होते, तरी जहाज रुतलेच ना! म्हणणे बरोबर आहे. बोया कोणाची मान धरून वळवत नाही. पण ही गोष्ट सांगता येते तीही बोयामुळेच. त्या संध्याकाळी जहाज चुकलेले आहे हे कळण्याच्या ज्या वाटा उघड्या होत्या, त्या बहुतेक साऱ्या पडद्याच्या बाहेर होत्या: न दिसलेला बोया, दिसलेले दिवे, रेडिओवरच्या हाका, पाण्याचा रंग. पडद्याच्या आतून चूक कळण्याची एकच वाट होती, ती म्हणजे बारीक अक्षरांतल्या त्या दोन खुणा. मीमांसकांची रीत व्यवहारात चालते ती बाधकाला यायला वाट मोकळी असते म्हणून. ज्याला कोणी खोडू शकत नाही अशा ज्ञानाला स्वतःप्रमाण म्हणणे म्हणजे प्रतिवादीला न्यायालयात शिरू न देता खटला जिंकणे. बोया हा असा पगारी प्रतिवादी आहे. सरकारने खर्च करून त्याला पाण्यात उभे केले आहे, ते ‘तू म्हणतोस तिथे तू नाहीस’ हे सांगण्याची मुभा कोणाला तरी असावी म्हणून.

मीमांसकांच्या आणखी एका सिद्धान्ताची इथे गंमत वाटते. वेद खोटे असू शकत नाहीत, कारण ते अपौरुषेय आहेत. बोलणारा असेल तर त्याचा अडाणीपणा किंवा लबाडी बोलण्यात उतरते, बोलणाराच नसेल तर दोष येणार कुठून? आजचा माणूस पडद्यावरच्या नकाशाला मनातल्या मनात हाच दर्जा देतो. तो कोणी काढलेला वाटतच नाही, वरून उतरलेला वाटतो. पण ७ ऑगस्ट १९९२ रोजी ‘क्वीन एलिझाबेथ २’ हे थोरले जहाज त्याच किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्समधल्या कटीहंक बेटाच्या दक्षिणेला, नकाशात नसलेल्या खडकांवर घासले. नकाशावरचे तिथले आकडे १९३९ च्या मोजणीचे होते. त्या काळची रीत म्हणजे होडीतून शिसे बांधलेली दोरी सोडायची आणि ती जिथे टेकेल तिथली खोली लिहायची. दोन टेकण्यांच्या मध्ये खडक राहून गेला तर तो नकाशात येत नाही. ते आकडे पुढे संगणकात भरले तरी त्यांच्यामागचा दोरी सोडणारा पुरुष पुसला जात नाही.

उपग्रहांचेही तेच. ते सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून बोलतात आणि त्यांचा आवाज जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की शेजारचे छोटेसे यंत्र तो दाबून टाकू शकते, किंवा त्याची हुबेहूब नक्कल करू शकते. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदराजवळच्या जहाजांना त्यांचे जीपीएस सांगू लागले की तुम्ही विमानतळावर आहात. विमानतळावर उभे असलेले जहाज पाहून खलाशी हसला असेल आणि खिडकीतून डोकावला असेल. चूक इतकी ढोबळ असली की बरे. ती अर्ध्या मैलाची असती तर?

बोये काढायचे तर त्यांच्या जागी आभासी बोये ठेवता येतात, असा एक मार्ग सुचवला जातो. रेडिओवरून संदेश सोडायचा की अमुक अक्षांश-रेखांशावर बोया आहे असे समजा, की प्रत्येक जहाजाच्या पडद्यावर खूण उमटते. पाण्यात काहीच नसते. नव्याने बुडालेल्या जहाजाची जागा तातडीने दाखवायला, किंवा जिथे बर्फ बोया टिकू देत नाही तिथे, ही युक्ती खरोखर उपयोगी आहे. पण रॉयल मॅजेस्टीवर तसा बोया असता तर काय झाले असते? पडद्याने आपली जागा १७ मैल चुकीची धरली, की आभासी बोयाही त्या चुकीशी इमान राखून बरोबर हव्या त्या वेळी, हव्या त्या बाजूने गेला असता. पाळीवरच्या अधिकाऱ्याला खोटे बोलायचीही गरज पडली नसती. जुन्या पंडितांनी आकाशपुष्पाच्या, म्हणजे मुळात नसलेल्या फुलाच्या, अस्तित्वावर पुष्कळ काथ्याकूट केला, पण आकाशपुष्पाला साक्षीला बोलावण्याची कल्पना त्यांनाही सुचली नाही.

लोखंडी बोयाचे गोडवे गाताना त्याचे दोषही सांगायला हवेत. तो एका जागी नसतोच. तळाशी काँक्रीटचा ठोकळा, त्याला खोलीपेक्षा लांब साखळी आणि साखळीच्या टोकाला बोया. भरती-ओहोटीबरोबर तो त्या ठोकळ्याभोवती वर्तुळात फिरत राहतो. साखळीचा जो भाग दिवसरात्र तळावर घासतो तो आधी झिजतो, आणि एखाद्या वादळात तुटला की बोया चालू लागतो. फक्त बोयावर विसंबू नका, असे तटरक्षक दल स्वतःच बजावते. म्हणजे अनवस्था आलीच: पडद्याला बोयाने तपासायचे, तर बोयाला कोण तपासणार?

खलाशांनी यावर पुस्तके लिहिली नाहीत, पण उत्तर शोधले. किनाऱ्यावरच्या तीन ओळखीच्या खुणा निवडायच्या, एखादे दीपगृह, चर्चचा मनोरा, डोंगराचे टोक. होकायंत्राने तिघांच्या दिशा घ्यायच्या आणि नकाशावर तीन रेघा ओढायच्या. शास्त्राप्रमाणे त्या एका बिंदूत मिळायला हव्यात. हलत्या होडीवर त्या कधीच मिळत नाहीत, एक चिमुकला त्रिकोण उरतो. त्रिकोण मोठा आला तर तीनपैकी कोणी तरी चुकते आहे, पुन्हा पाहायचे. लहान आला तर त्याचा जो कोपरा खडकाला सगळ्यांत जवळ, तिथे आपण आहोत असे धरून चालायचे. तपासणीची रांग अशी तिसऱ्या साक्षीदाराशी थांबते. पूर्ण खात्री हाती लागत नाही, पण आपण कितपत चुकत असू याचे माप पेन्सिलीने काढलेले समोर असते. गंगेशांनी चौदाव्या शतकात मिथिलेत या वादावर जी चिरफाड केली तिच्यापुढे हे फारच गावठी वाटेल. ते रोज वापरले जाते, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येते. अट एकच, तिन्ही साक्षीदार एकमेकांचे मिंधे नसावेत.

आणखी एक अडचण आहे, ती बोयाच्या भाषेची. अमेरिकेत बंदरात शिरताना लाल बोया उजव्या हाताला ठेवतात. मुंबईत शिरताना तोच लाल डाव्या हाताला. भाऊच्या धक्क्यावरच्या लाँचवाल्याला बोस्टनच्या पाण्यात नेऊन सोडले तर तो सरळ खडकावर जाईल, आणि तिकडचा इकडे आला तर त्याचीही तीच गत. जगाचे असे दोन भाग झाले ते १९८० च्या आंतरराष्ट्रीय समझोत्याने. त्याआधी तर तीसहून अधिक पद्धती होत्या. त्या गोंधळाची किंमत जानेवारी १९७१ मध्ये इंग्लिश खाडीत दिसली. ‘टेक्साको कॅरिबियन’ हे तेलवाहू जहाज टक्कर होऊन बुडाले. दुसऱ्याच दिवशी ‘ब्रँडनबर्ग’ त्याच्या सांगाड्यावर आदळले. मग तिथे खुणा लावल्या, तरी फेब्रुवारीत ‘निकी’ त्याच जागी येऊन बुडाले. तिन्ही मिळून ५१ माणसे गेली. शब्द आणि अर्थ यांचे नाते नित्य आहे असे मीमांसक म्हणत, नैयायिक म्हणत की तो माणसांनी ठरवलेला संकेत आहे. निदान लाल रंगाबाबत तरी समुद्राने नैयायिकांच्या बाजूने निकाल दिला आहे. रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरांतली माणसे व्यापारी जहाजांवर आहेत, त्यांना एकाच नोकरीत लाल रंगाचे दोन्ही अर्थ डोक्यात बाळगावे लागतात.

संकेत ठरवलेला असतो म्हणूनच तो सर्वांचा असावा लागतो. मेनच्या पाण्यात शेवंडांच्या सापळ्यांवरचे लाखो रंगीत बोये तरंगतात. प्रत्येक मच्छीमाराची रंगसंगती वेगळी, आणि ती होडीवरही लावून दाखवावी लागते. तो रंग म्हणजे मालकाची सही. सरकारी बोयाचा लाल किंवा हिरवा कोणाच्या मालकीचा नाही. बॅटरी संपलेला फोन खिशात घेऊन वल्ही मारणाऱ्या पोरालाही तो तेच सांगतो आणि हजार प्रवाशांच्या जहाजालाही तेच. वाटेवरची पाणपोई जशी तहानलेल्याची जात, गाव किंवा ऐपत विचारत नाही, तशी. आणि दोन होड्यांवरची माणसे एकाच बोयाकडे बोट दाखवून भांडू शकतात. दोन पडद्यांवरच्या ठिपक्यांवरून तसे भांडता येत नाही, कारण प्रत्येकाचा ठिपका त्याच्यापुरता असतो.

रॉयल मॅजेस्टीवर एक तिसरा साक्षीदारही होता, सगळा वेळ, ब्रिजवरच. लोरान नावाचे ते यंत्र किनाऱ्यावरच्या रेडिओ मनोऱ्यांवरून जागा काढत असे आणि उपग्रहांशी त्याला काही देणेघेणे नव्हते. ते ३४ तास बिनचूक चालू होते. जहाज रुतल्यावर कप्तान धावत वर आला आणि दोन्ही यंत्रांचे आकडे ताडून पाहिले गेले. जीपीएस निदान १५ मैल चुकत होते, हे तेव्हा पहिल्यांदा उघड झाले.

अमेरिकेने ८ फेब्रुवारी २०१० रोजी लोरानचे मनोरे बंद केले. कारण दिले ते हेच, की आता उपग्रह आहेत.